अन्न आपले केव्हा होते?

खाणे, गिळणे आणि पचविणे ह्या तीन क्रिया मराठी भाषेने वेगवेगळ्या ठेविल्या आहेत, आणि त्या केवळ अन्नापुरत्या ठेविलेल्या नाहीत. लाचखाऊ मनुष्य पैसे खातो. दुबळा मनुष्य अपमान गिळतो. समर्थ मनुष्य तोच अपमान पचवितो. 'त्याला तो पैसा पचावयाचा नाही' असे घरातील वडीलधारी माणसे सहज बोलून जातात, तेव्हा त्यांच्या बोलण्यामागे मालकीविषयीचा एक न्याय असतो. हाती आले ते आपले झाले असे नव्हे, तोंडात गेले तेही आपले झाले असे नव्हे, असा तो न्याय. हा न्याय खरा आहे काय, आणि असल्यास कोणत्या अर्थाने, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

विचारास निमित्त घडले ते आधी सांगितले पाहिजे. गेल्या वर्षीच्या समाराधनेत पंगत बसली होती आणि आम्ही वरण वाढीत होतो. लहानपणापासून आम्हांस ओळखणारे एक वयोवृद्ध गृहस्थ शेजाऱ्यास हसत हसत म्हणाले, "पुजाऱ्याच्या घरचे बरे असते. देवापुढे ठेवायचे आपण, आणि जेवायचे त्यांनी. सगळे आयते!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे आम्हांस तेव्हाही कळत होते. तरीही हातातील डाव क्षणभर थांबला. आम्ही पुढील पानाकडे वळलो, म्हणजे शब्द गिळला. पण तो पचला नाही.

रात्री वडिलांच्या कानांवर ही गोष्ट घातली. ते दुसऱ्या दिवशीच्या पूजेची उपकरणी घासून पुसून ठेवीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "अरे, ते खोटे काय बोलले? आयतेच जेवतो आपण. पण आयते जेवत नाही असा एक जण मला दाखव." एवढे बोलून ते निजावयास गेले. आम्हांस मात्र झोप लागली नाही. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले आहे. परंतु जीवशास्त्राच्या पुस्तकाची आवड तेव्हापासून टिकून आहे. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही माणसांत शोधू लागलो आणि शोधता शोधता कोळी, मुंगी आणि वाळवी ह्यांच्या दाराशी येऊन पोहोचलो. तेथे जे सापडले ते वाचकांपुढे ठेवितो.

अन्न आपले केव्हा होते, ह्या प्रश्नाची तीन उत्तरे संभवतात. ते विकत घेतले किंवा कोणी दिले म्हणजे आपले होते, हे व्यवहाराचे उत्तर. ते गिळले म्हणजे आपले होते, हे भुकेचे उत्तर. कारण गिळलेला घास कोणी परत मागू शकत नाही. ते पचून अंगी लागले म्हणजे आपले होते, हे तिसरे उत्तर. पहिले उत्तर कायदेपंडितांवर सोपवू. दुसऱ्यापासून आरंभ करू, कारण ते सर्वांत खरे वाटते आणि सर्वांत आधी कोसळते.

मनुष्याच्या शरीरात तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक अखंड नळी आहे. ती दोन्ही टोकांस बाह्य जगाकडे उघडी आहे. म्हणून त्या नळीतील पोकळी, नीट पाहिले असता, शरीराच्या आत नसून शरीराने वेढलेली बाहेरचीच जागा होय. बोगद्यातून जाणारी गाडी डोंगराने वेढलेली असते. ती डोंगराचा भाग होत नाही. जठरातील घास तसाच आहे. लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांच्या पेशी ओलांडून अन्नाचा अंश रक्तात किंवा लसिकेत उतरला म्हणजेच तो शरीरात आला. जे ओलांडू शकले नाही ते गिळूनही परकेच राहिले आणि परकेच बाहेर गेले.

ओलांडण्याची अट मोठी कडक आहे. तांदळातील पिष्ट तांदळाचे पिष्ट म्हणून आत जात नाही; त्याची शर्करा व्हावी लागते. डाळीतील प्रथिन डाळीचे म्हणून आत जात नाही. त्याचे तुकडे होत होत अमिनो आम्ले व्हावी लागतात. त्या आम्लांवर ती डाळीतून आली की दुधातून, राजाच्या ताटातून आली की भिक्षेच्या झोळीतून, ह्याचा शिक्का राहत नाही. मग शरीर त्याच तुकड्यांपासून स्वतःचे प्रथिन नव्याने रचते. म्हणजे जे आपले होते ते, जसे होते तसे राहून आपले होत नाही.

ही गोष्ट मनुष्यास फार उशिरा समजली. जठर हे जात्याप्रमाणे अन्न दळते की त्याचे काही रासायनिक कार्य आहे, हा वाद अठराव्या शतकापर्यंत चालू होता. कीटकांवर सहा मोठे ग्रंथ लिहिणारे फ्रेंच संशोधक रेओम्यूर ह्यांनी १७५२ साली एका शिकारी पक्ष्यास धातूची लहान नळी गिळावयास लाविली. नळीत मांस होते आणि नळीची टोके अशी राखली होती की रस आत शिरावा, पण मांसावर दाब पडू नये. पक्ष्याने नळी ओकून टाकली तेव्हा आतील मांस बरेचसे विरघळलेले आढळले. दळण नव्हते, तरी पचन झाले होते. पुढे इटलीतील लाझारो स्पालांझानी ह्यांनी अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळून हाच शोध दृढ केला. स्पालांझानी हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, हे वाचून आम्हांस विशेष आनंद झाला. उपासनेच्या घरात वाढलेल्या मनुष्याने पोटाचा विचार करू नये असा नियम नाही, हे त्यांनी जठरावर ताण देऊन सिद्ध केले आहे.

आता कोळ्याकडे वळू. आमच्या सभामंडपाबाहेरील दीपस्तंभाच्या खाचेत पावसाळ्यानंतर चक्राकार जाळे विणणारा एक कोळी येऊन बसतो. उत्सवापूर्वी झाडलोट करताना ती जळमटे काढावी लागतात, आणि मदतीस आलेली मुले दर वर्षी एकच प्रश्न विचारतात: कोळी पापी आहे का? मुलांस त्याची किळस येते, कारण तो माशीस धरून खातो एवढेच नव्हे, तो तिला विचित्र रीतीने खातो. त्याच्या विषाने भक्ष्य निश्चेष्ट होते. त्यानंतर तो आपल्या आतड्यातील पाचकरस भक्ष्यावर किंवा त्याच्या शरीरात ओततो. त्या रसाने भक्ष्याच्या अंतर्भागाचे द्रव होते आणि स्नायूंच्या जोरावर आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या जठराने तो ते द्रव शोषून घेतो. मुखाशी असलेल्या केसांच्या गाळणीतून घन कण सहसा आत जात नाहीत. मागे उरते ते पोकळ कवच. शोषलेले द्रव आतड्याच्या अनेक फाट्यांतून शरीरभर पसरते; ह्या फाट्यांत साठा करून ठेवता येतो म्हणून कित्येक कोळी महिनोन्महिने उपाशी राहू शकतात.

हे वाचून अंगावर काटा येतो खरा. पण क्षणभर थांबून विचार करावा. कोळी जे उघड्यावर करितो तेच आपण अंधारात करितो. आपल्या जठरातही आम्ल आहे, विकरे आहेत, आणि गिळलेल्या वस्तूचा तेथे तसाच लगदा होतो. आपल्यास तो दिसत नाही एवढाच भेद. वर सांगितल्याप्रमाणे जठरातील पोकळी बाहेरचीच जागा असेल, तर मनुष्यसुद्धा अन्न शरीराबाहेरच पचवितो. तेव्हा किळस हा नीतीचा निर्णय नव्हे. जे पाहवत नाही ते पाप आणि जे झाकलेले आहे ते पुण्य, असा हिशेब आपण कोळ्याच्या बाबतीत करितो. आणि भीती अशी आहे की माणसांच्या बाबतीतही करितो. देवाघरचे अन्न खाणाऱ्या पुजाऱ्याचे ताट चारचौघांच्या दृष्टीसमोर असते. इतरांच्या ताटात कोणाचे श्रम वाढलेले आहेत ते झाकलेले असते.

त्या कोळ्याची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चक्राकार जाळे विणणाऱ्या पुष्कळ जाती जुने जाळे टाकून देत नाहीत. ते खाऊन टाकतात, आणि त्यातील प्रथिन पुन्हा नव्या धाग्यांत येते. शिवाय सर्वच कोळी एका वळणाचे नाहीत. २०२२ साली शास्त्रज्ञांनी नोंदविलेल्या कोळ्यांच्या जाती ५०,००० वर पोहोचल्या. त्यांत मध्य अमेरिकेतील बघीरा किपलिंगी नावाचा एक उड्या मारणारा कोळी आहे, तो मुख्यतः बाभळीच्या वर्गातील झाडांच्या पानांच्या टोकांवरील पौष्टिक कण खाऊन राहतो. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्यास साधू म्हणू नये. दीपस्तंभावरील कोळ्यास पापी म्हणणे जितके अयुक्त, तितकेच तेही अयुक्त होईल.

कीटकांचे पोट कोळ्यापेक्षा निराळे आहे. त्यांच्या अन्ननलिकेचे अग्रांत्र, मध्यांत्र आणि पश्चांत्र असे तीन भाग पडतात. पहिल्या व तिसऱ्या भागास आतून त्वचेच्याच द्रव्याचे अस्तर असते आणि कात टाकताना कीटक ते अस्तरही टाकून देतो. निसर्गानेच येथे साक्ष दिली आहे की पोटाची ही वाट म्हणजे आत वळलेली कातडी होय. पचन आणि शोषण मुख्यत्वे मध्यांत्रात होते. पचलेले अंश रक्तवाहिन्यांत जात नाहीत, कारण कीटकांस आपल्यासारखे रक्तवाहिन्यांचे जाळे नसते. सर्व अवयव एका रक्तसदृश द्रवात न्हालेले असतात आणि पोषण त्या द्रवात उतरून सर्वांस एकदम मिळते. इटलीचे माल्पिघी ह्यांनी १६६९ साली रेशमाच्या किड्याच्या शरीररचनेवर ग्रंथ लिहिला. मध्यांत्र व पश्चांत्र ह्यांच्या सांध्याशी असलेल्या उत्सर्जक नलिका त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. त्या नलिका त्याज्य द्रव्य गोळा करितात, आणि पुढे गुदांत्र त्यातील पाणी शोषून परत घेते. पाण्याचा थेंब वाया जाऊ न देण्याची ही काटकसर आहे, म्हणूनच कोरड्या धान्याच्या कणगीतही किडे जगतात.

येथवर आपण दुसरे उत्तर निकालात काढिले. गिळलेले आपले नव्हे. पचून अंगी लागलेले आपले. पण तिसऱ्या उत्तरातही एक गाठ आहे. पचविले कोणी?

वाळवीचे उदाहरण घ्या. वाळवी लाकूड खाते, हे ज्याच्या घरी जुने वासे आहेत त्यास सांगावयास नको. लाकडातील मुख्य द्रव्य म्हणजे सेल्युलोज, आणि ते पचविणे अत्यंत कठीण. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लीव्हलँड ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात प्रयोग केले. वाळवीच्या काही जातींच्या पश्चांत्रात सूक्ष्म आदिजीव राहतात. उष्णता इत्यादी उपायांनी त्यांनी ते आदिजीव मारले आणि वाळवी जिवंत ठेविली. मग तिच्यापुढे लाकूड ठेविले. वाळवीने ते पूर्वीसारखेच खाल्ले आणि भरल्या पोटी उपासमारीने ती मेली. आदिजीव परत मिळाले तर मात्र ती जगत असे. ह्या जातींची वाळवी कात टाकते तेव्हा आतड्याचे अस्तर आणि त्याबरोबर आदिजीव निघून जातात. मग वसाहतीतील दुसऱ्या वाळवीच्या आतड्यातील द्रव सेवन करून ती ते पुन्हा मिळविते. आमचे घर सोवळ्या-ओवळ्याचे. हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटले होते. पण जीव राखणारा तो रस उष्टा म्हणावयाचा की प्रसाद म्हणावयाचा, हा प्रश्न काही पुस्तकाबरोबर मिटला नाही.

आपल्याकडील वारुळे उभारणारी वाळवी आणखी एक पाऊल पुढे गेली आहे. तिच्या कित्येक जाती पोटाबाहेर, वारुळाच्या आत, बुरशीची बाग राखतात. अर्धवट पचलेल्या वनस्पतीचे थर रचून त्यावर बुरशी वाढवितात. बुरशी लाकडाचे कठीण द्रव्य मऊ करिते, आणि वाळवी ते खाते. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी जी अळमी पानांत बांधून गोव्याच्या बाजारात येतात आणि ज्यांसाठी आपण मागेल ती किंमत मोजतो, ती ह्याच बुरशीची छत्रे होत. ज्या वाळवीस आपण शिव्या देतो तिच्या शेतातील पीक आपण श्रावणात आवडीने खातो.

आता देवघरात या. पंचामृताचे तबक पुढे ठेवा. दूध गाईचे, पण गवत गाईने एकटीने पचविले नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य जीवाणू आणि आदिजीव असतात. ते गवत आंबवितात, त्यातून निघणारी आम्ले गाय शोषते, आणि पुढील कप्प्यांत ती त्या सूक्ष्म जीवांनाच पचविते. दही म्हणजे जीवाणूंनी आंबविलेले दूध. तूप त्याच दह्याच्या लोण्याचे. मध तर मधमाशीने फुलांतील रस आपल्या मधुकोशात आणून, पोळ्यातील दुसऱ्या माशीच्या मुखात देऊन, तिच्याकडून पुढे पोहोचवून, आपल्या विकरांनी त्यातील साखरेचे विघटन करून आणि पंखांनी वारा घालून आटविलेला असतो. राहिली साखर, ती उसाने उन्हावर केली. पाच पदार्थांपैकी एकही असा नाही की ज्यावर दुसऱ्या कोणाच्या पोटाचा किंवा कष्टाचा हात फिरलेला नाही. आम्ही हे तबक लहानपणापासून उचलीत आलो. त्यात किती जणांचे श्रम आहेत ह्याची कल्पना आम्हांस वडिलांच्या त्या एका वाक्यापर्यंत नव्हती. आयते जेवत नाही असा एक जण दाखव, असे ते म्हणाले होते. आम्हांस तो कोठेच सापडला नाही.

येथे लेख संपविता आला असता, आणि आमच्या मनासही ते सोयीचे झाले असते. सगळेच आयते खातात, मग पुजाऱ्यास कोणी का बोलावे? परंतु हा युक्तिवाद आम्ही स्वतःशी करून पाहिला तेव्हा त्यात एक छिद्र दिसले. त्या छिद्राचे नाव पट्टकृमी.

पट्टकृमी हा प्राण्यांच्या आतड्यात राहणारा फितीसारखा जंत. त्यास मुख नाही, जठर नाही, आतडे नाही. यजमान प्राण्याने मिळविलेले, चावलेले, पचविलेले अन्न तो आपल्या संपूर्ण अंगाने शोषून घेतो. आयत्याची ह्याहून पूर्ण मूर्ती सृष्टीत मिळणे कठीण. आता पाहा: वाळवीही आयते खाते, कारण पचवितात तिच्या पोटातील जीव, आणि पट्टकृमीही आयते खातो. दोघेही सारखेच म्हणावे काय? तसे म्हणवत नाही. वाळवी त्या जीवांस घर देते, लाकूड चावून बारीक करून त्यांच्यापुढे ठेविते आणि आपल्या वसाहतीतील इतरांपर्यंत त्यांस पोहोचविते. तिचे घेणे आहे तसे देणेही आहे. पट्टकृमीकडून यजमानास काही मिळत नाही; असलेले कमी होते. म्हणजे भेद आयते घेण्यात नाही. घेतल्यानंतर त्याचे काय झाले, ह्यात भेद आहे.

मुंगीच्या पोटात हा भेद शरीररचनेतच दिसतो. तिला दोन जठरे आहेत म्हटले तरी चालेल. पुढील पिशवीत ती द्रव अन्न भरून आणते. त्यामागे एक झडप आहे. झडपेपलीकडे तिचे स्वतःचे मध्यांत्र. पुढील पिशवीतील अन्न ती वारुळातील भुकेल्या मुंगीस मुखातून मुखात देते. झडपेतून जेवढे मागे सोडले तेवढेच तिचे. विल्सन आणि आयस्नर ह्या शास्त्रज्ञांनी १९५७ साली किरणोत्सर्गी आयोडीन मिसळलेला मध मुंग्यांस देऊन ह्या वाटपाचा माग काढला, तेव्हा थोड्यांनी खाल्लेले अन्न वसाहतीतील कितीतरी इतरांच्या पोटांत पोहोचलेले आढळले. मुंगीने पोटभर आणलेले असते आणि तरीही त्यातील पुष्कळसे तिचे नसते.

कोणी विचारील की कीटकांवरून नीती शिकावयाची म्हणजे काय? मुंगी दानशूर नाही. तिच्या देहाची घडणच तशी आहे. पट्टकृमी चोर नाही. त्यास दुसरा मार्गच नाही. शिवाय निसर्गात पाहिजे त्या वर्तनास पाहिजे तो दाखला सापडतो. नरास खाणारी कोळीण दाखवून कोणी काहीही सिद्ध करील. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. असे आहे म्हणून असे असावे, हे अनुमान चुकीचे. निसर्ग आज्ञा करीत नाही. पण तो आपली एक चूक दुरुस्त करू शकतो. 'माझे अन्न मी मिळविले, मी खाल्ले, मी पचविले. त्यावर इतर कोणाचा अधिकार नाही' हे विधान नीतीचे असण्याआधी वस्तुस्थितीचे आहे, आणि वस्तुस्थिती म्हणून ते खोटे आहे. खोट्या पायावर बांधलेला अहंकार पाडण्यास किडामुंगीची साक्ष पुरेशी आहे. पुढे काय बांधावे हे मात्र माणसानेच ठरवावयाचे. मुंगीस झडप मिळाली आहे. माणसास ती मिळालेली नाही. आलेल्यापैकी किती मागे सोडावयाचे आणि किती पुढे द्यावयाचे हे त्यास रोज मनाने ठरवावे लागते, म्हणूनच तो नीतीचा विषय होतो.

देण्याची परिसीमा पाहावयाची असेल तर पुन्हा कोळ्याकडेच जावे लागते. स्टेगोडायफस ह्या प्रजातीचे कोळी कोरड्या प्रदेशांत, आपल्या देशातही, आढळतात. त्यांतील मादी पिलांस प्रथम आपल्या मुखातून द्रव अन्न भरविते. त्या काळात तिच्या शरीरातील आतड्याचे ऊतक हळूहळू विरघळू लागते; शेवटी पिले तिच्या अंगावर चढून तिलाच शोषून घेतात, आणि ती प्रतिकार करीत नाही. माशीचे द्रव करणारे पोट येथे स्वतःचेच द्रव करून पुढील पिढीस देते. हीच ती मुलांनी पापी ठरविलेली जात. हिला पुण्यवान म्हणण्याचाही अधिकार आपणांस नाही, हे वर म्हटलेच आहे. पण ही हकीकत वाचून झाल्यावर कोळिष्टकावर केरसुणी मारताना हात पूर्वीसारखा सहज चालत नाही. यंदा आम्ही दीपस्तंभाची ती खाच उत्सवानंतर झाडली.

आता आमच्या घरच्या प्रश्नाकडे. त्या गृहस्थांचे शब्द ऐकल्यावर आमचा पहिला विचार असा होता की हे सारे सोडून कोठेतरी नोकरी धरावी, म्हणजे आयते हा शब्द कानी पडणार नाही. तो विचार आम्ही सोडून दिला आहे. नोकरीत पगार मिळेल, पण तांदूळ दुसराच कोणी पिकवील. आयते सुटणार नाही, फक्त दृष्टीआड होईल. तथापि पुजेत राहिलो म्हणून आमचे अन्न आपोआप आमचे झाले असेही नाही. ते झाले की नाही हे पाहण्याची कसोटी आता आमच्याजवळ आहे आणि ती लाविली असता आम्ही उणे ठरतो. आम्हांस पुष्कळ मुखोद्गत आहे. स्तोत्रे येतात, संकल्प येतो, पूजेचा क्रम झोपेतही चुकणार नाही. पण एखाद्या यजमानाने अर्थ विचारला की आम्ही तो क्रमच पुन्हा म्हणून दाखवितो. पाठ केलेले मुखात आहे. आतड्याची भिंत ते ओलांडून गेलेले नाही. सभासदांनी दिलेल्या अन्नावर आम्ही वाढलो, आणि त्या अन्नाच्या मोबदल्यात जे द्यावयाचे ते आम्ही न पचविता जसेच्या तसे पुढे करीत आलो. हा दोष वडिलांचा नाही. ते अर्थ सांगतात. आमचा आहे.

म्हणून दिवाळीपासून रोज दुपारी आम्ही वडिलांपुढे बसतो आणि जे पाठ आहे त्याचा एकेक भाग समजून घेतो. जेवढे समजले तेवढे गुरुवारी संध्याकाळी सभामंडपात विचारावयास येणाऱ्यांस सांगतो. येणारी माणसे थोडी असतात. कधी दोन मुले आणि एक आजी. नैवेद्याच्या शिध्यापैकी घरास लागेल तेवढाच ठेवून उरलेला कोणाच्या घरी जावा, हे वडील पूर्वीपासून गुपचूप पाहत आले आहेत. त्याची पिशवी पोहोचविण्याचे काम आता आमच्याकडे आले आहे. ह्यात मोठे काही नाही. झडप कोठे बसवावी ह्याचा अंदाज घेणे चालू आहे, एवढेच.

तेव्हा अन्न आपले केव्हा होते? आमच्या समजुतीप्रमाणे, ते कोणाचे होते हे जाणून घेतले, त्याचे रूपांतर करण्याचे कष्ट स्वतः केले, आणि त्यातून आलेले बळ पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी पडले म्हणजे. त्याआधी ते फक्त आपल्या ताब्यात असते. ताबा आणि मालकी ह्यांतील हे अंतर पोटाइतके दुसरे कोणी स्वच्छ दाखवीत नाही.

यंदाच्या समाराधनेत ते वयोवृद्ध गृहस्थ पुन्हा त्याच जागी बसले होते. आम्ही वरण वाढले. त्यांनी थोडेच घेतले आणि वडिलांची प्रकृती विचारली. गेल्या वर्षीचे शब्द त्यांच्या स्मरणात असतील असे वाटले नाही, आणि आम्हीही काढिले नाहीत. हा अंक त्यांच्या घरीही जातो. त्यांनी हे वाचले आणि ओळखले, तर आमच्या मनात राग आहे असे त्यांनी समजू नये. शब्द त्यांचा होता. तो पचवावयास आम्हांस एक वर्ष लागले.